व्हिएन्नाचा झिथरवादक

चित्रपटगृहांतले दिवे मालवले आणि पडदा उजळला कीं, पहिल्यानें वाद्यवृंदाचा मोठा घोष कानीं पडावा, अशी प्रेक्षकांची संवय असते. १९४९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत लंडनच्या प्रेक्षकांची ही संवय एका चित्रपटानें मोडली. पडद्यावर ना नट दिसला, ना नटी; ना नगर, ना निसर्ग. दिसल्या त्या एका वाद्याच्या तारा. पडदाभर ताणलेल्या त्या तारा, कोणाचें बोट दिसत नसतांना, थरारत होत्या, आणि त्यांतून एक धून निघत होती. ती ऐकून हंसावें कीं सावध व्हावें, हें कळूं नये अशी ती होती. वरून खेळकर, आंतून कांहींशी कडवट. चित्रपटाचें नांव होतें 'द थर्ड मॅन', म्हणजे 'तिसरा माणूस'. वाद्याचें नांव झिथर. आणि तें वाजविणारा होता व्हिएन्नाच्या मद्यगृहांत वाजवून संसार चालविणारा, वयाची बेचाळिशी गांठलेला एक वादक, आंतोन कारास. त्यापूर्वीं त्यानें एकाहि चित्रपटाला संगीत दिलेलें नव्हतें.

व्हिएन्नानें चित्रपटसृष्टीला मोठमोठे संगीतकार दिले आहेत. मॅक्स स्टाइनर हा १८८८ सालीं त्याच नगरांत जन्मला. १९३३ सालचा 'किंग काँग' आणि १९३९ सालचा 'गॉन विथ द विंड' या चित्रपटांचें संगीत त्याचें. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा १८९७ सालीं ब्र्यून येथें जन्मला, पण वाढला व्हिएन्नांत; तो तेरा वर्षांचा असतांनाच त्याची एक नृत्यनाटिका तेथील राजदरबारच्या ऑपेरागृहांत झाली, आणि पुढें 'रॉबिन हूड' या चित्रपटाच्या संगीतानें १९३८ सालचें ऑस्कर पारितोषिक मिळविलें. हे दोघेहि विद्वान संगीतकार. अमेरिकेंत त्यांच्या हाताशीं भलामोठा वाद्यवृंद असे, आणि त्याच्या बळावर ते पडद्यावर समुद्र उसळवीत, लढाया जुंपवीत. कारासच्या हाताशीं वाद्य एकच, आणि वाजविणाराहि तो स्वतःच. तरीहि ज्यांनीं त्याचा चित्रपट एकदां पाहिला, त्यांना पुढें त्यांतल्या कथेचे धागे आठवोत वा न आठवोत, ती धून सहसा विसरली नाहीं. हें कसें घडलें, आणि घडल्यानंतर त्या माणसाला त्याची काय किंमत द्यावी लागली, तें आज पाहूं.

कारासचा जन्म ७ जुलै १९०६ रोजीं व्हिएन्नाच्या ब्रिगिटेनाउ भागांत झाला. बाप कारखान्यांतला कामगार. घरांत पांच मुलें. लहानग्या आंतोनची इच्छा ऑर्गनवादक होण्याची होती. पण ऑर्गन हें वाद्य देवळाचें आणि त्याचें शिक्षण खर्चाचें. गरिबाच्या पोरानें त्याचें स्वप्न पाहावें आणि उठावें, एवढेंच. मात्र त्या कामगार बापाचें एक कौतुक केलें पाहिजे. ऑर्गन त्याला झेपला नाहीं, तरी पांचहि मुलांना कोणतें ना कोणतें वाद्य शिकूं देण्यास त्यानें आडकाठी केली नाहीं. आंतोनच्या वांट्याला आलें तें वाद्य दुकानांतून आलेलें नव्हतें. तो बारा वर्षांचा असतांना आजीच्या घरच्या माळ्यावर त्याला एक जुनें झिथर सांपडलें, असें तो पुढें सांगत असे.

झिथर कसें असतें, हें समजण्यासाठीं आपल्याकडील श्रोत्यांनीं स्वरमंडळ डोळ्यांपुढें आणावें. तशीच एक चपटी लांकडी पेटी, तिच्यावर तारा ताणलेल्या. परंतु स्वरमंडळाच्या तारा मोकळ्या असतात, आणि गवई आपल्या गाण्याला आधार म्हणून त्या छेडतो; झिथरमध्यें तारांचे दोन वर्ग असतात. वादकाच्या बाजूच्या पांच तारांखालीं सतारीसारखे पडदे असतात. डाव्या हाताच्या बोटांनीं त्या तारा पडद्यांवर दाबावयाच्या, आणि उजव्या हाताच्या आंगठ्यांत घातलेल्या नखीनें छेडावयाच्या. त्यांतून मुख्य धून निघते. त्यांच्या पलीकडे तीसच्या आसपास मोकळ्या तारा असतात. त्या उजव्या हाताच्याच उरलेल्या बोटांनीं छेडून साथ आणि खर्ज द्यावयाचा. म्हणजे गायक, साथीदार आणि ठेका धरणारा, असे तिघे एकाच माणसाच्या दोन हातांत वसतात. वाद्याला खालीं बारीक पाय असतात. तें टेबलावर ठेवलें कीं टेबलाचें लांकूडहि त्याबरोबर घुमूं लागतें. म्हणून झिथरचा खरा सोबती रंगमंच नव्हे, तर साधें टेबल. आणि त्याचा खरा श्रोता म्हणजे त्या टेबलाभोंवतीं कोंडाळें करून बसलेला माणूस.

ऑस्ट्रिया व बव्हेरिया या डोंगराळ मुलुखांत हें वाद्य फार दिवसांपासून घरोघर असे. व्हिएन्नाला तर त्याचा इतका लळा, कीं तारा लावण्याची एक पद्धति त्या नगराच्याच नांवानें ओळखली जाते. धाकट्या योहान स्ट्राउसनें १८६८ सालीं आपल्या 'व्हिएन्नाच्या अरण्यांतील कथा' या प्रसिद्ध वॉल्ट्झमध्यें वाद्यवृंदाला गप्प बसवून झिथरला एकट्यानें बोलावयास लावलें आहे. असें असलें तरी संगीतज्ञांच्या पंक्तींत झिथरचें पान कधीं मांडलें गेलें नाहीं. तें खेडवळांचें, मद्यगृहांचें वाद्य मानलें गेलें.

बापाच्या आज्ञेनें आंतोन कारखान्यांतील हत्यारें व सांचे घडविण्याचें काम शिकूं लागला. दिवसा लोखंड घांसावयाचें आणि संध्याकाळीं एका खासगी संगीतवर्गांत जावयाचें, असा त्याचा क्रम होता. दिवसभराच्या श्रमानें जड झालेल्या बोटांना रात्रीं तारांवर नाजुकपणें चालावयास लावणें, ही गोष्ट ज्यानें केली त्यालाच ठाऊक. १९२४ सालीं उमेदवारी संपली. कांहीं महिने मोटारींच्या कारखान्यांत नोकरी झाली, ती १९२५ च्या जानेवारींत सुटली. तेव्हां त्यानें पोटासाठीं झिथर जवळ केलें. त्याच वर्षीं व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयांत त्याचें शिक्षणहि सुरू झालें, तें १९२८ पर्यंत चाललें. मद्यगृहांत वाजवून तो थोड्याच काळांत बापापेक्षां अधिक मिळवूं लागला. १९३० सालीं त्यानें लग्न केलें. तीन वर्षांनीं त्याला मुलगी झाली.

ज्या मद्यगृहांत तो वाजवीत असे, त्यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण त्याच्या आयुष्याची किल्ली तेथें आहे. व्हिएन्नाच्या कडेला टेंकड्यांवर द्राक्षांचे मळे आहेत. १७८४ सालीं सम्राट दुसरा योसेफ यानें मळेवाल्यांना आपल्या घरची दारू आपल्याच दारांत विकण्याची मोकळीक दिली. तेव्हांपासून ज्याच्याकडे त्या वर्षाची ताजी दारू तयार असे, तो दारावर पाईनच्या डहाळ्या टांगी. डहाळी दिसली कीं लोकांनीं आंत शिरावें. अशा जागेला तेथें 'हॉयरिगर' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच 'यंदाचें' असा आहे. लांकडी बांकें, झाडांची सावली, घरून आणलेली शिदोरी, शेजारपाजारचीं माणसें, आणि एका कोंपऱ्यांत एखादा झिथरवाला किंवा फिडलवाला. कोणी ऐकतो, कोणी गप्पा मारतो. मध्येंच एखादें जुनें गाणें निघालें कीं सारे सूर धरतात. या कोंपऱ्यांत कारास १४ वर्षें बसला. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून कोणतें गाणें काढावें, हें तो तेथें शिकला. कोणी लक्ष देत नसतांना वाजवीत राहावें, हेंहि तेथेंच शिकला.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें. ऑस्ट्रिया त्यापूर्वींच जर्मनीच्या घशांत गेला होता. कारासला जर्मन सैन्याच्या विमानविरोधी तोफखान्यांत भरती व्हावें लागलें. कांहीं काळ तो रशियांतहि होता. तेथेंहि त्यानें झिथर सोडलें नाहीं. लढाईच्या धुमाळींत एकाहून अधिक झिथरें नाहींशीं झालीं, आणि दर वेळीं कोठून तरी त्यानें दुसरें मिळविलें. सहा वर्षांनीं तो घरीं परतला आणि पुन्हां आपल्या कोंपऱ्यांत जाऊन बसला. परंतु नगर आतां पूर्वींचें राहिलें नव्हतें.

१९४५ च्या मार्च महिन्यांत बाँबवर्षावानें व्हिएन्नाचें ऑपेरागृह जळालें. एप्रिलमध्यें संत स्टीफनच्या प्राचीन मंदिराचें छप्पर आगींत कोसळलें. विजेत्या चार राष्ट्रांनीं, म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन व फ्रान्स यांनीं, नगराचे भाग वांटून घेतले. मधला जुना भाग चौघांच्या सामाईक ताब्यांत राहिला, आणि त्याचा कारभार महिन्यामहिन्यानें एकाकडून दुसऱ्याकडे जाई. अन्न नाहीं, कोळसा नाहीं. होता तो काळा बाजार. वॉल्ट्झचें माहेरघर म्हणून जें नगर ओळखलें जाई, तेथें लोक सिगारेटच्या पाकिटावर जोडे आणि जोड्यांवर पाव मिळवीत होते. ही स्थिति पाहण्यास १९४८ सालीं इंग्रज कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन तेथें गेला. निर्माता अलेक्झांडर कोर्डा यानें त्याला चित्रकथा लिहिण्यास धाडलें होतें. नगराखालच्या प्रचंड गटारांची आणि पेनिसिलीनच्या काळ्या बाजाराची माहिती त्याला तेथें मिळाली, आणि तीतून 'तिसरा माणूस' ही कथा उभी राहिली. हॅरी लाइम नांवाचा एक देखणा, गोडबोल्या गृहस्थ पाणी मिसळलेलें पेनिसिलीन विकतो, आणि त्यापायीं रुग्णालयांतलीं मुलें दगावतात. त्याचा भाबडा अमेरिकन मित्र त्याला शोधीत येतो, तों कळतें कीं मित्र वारला. पुढें कळतें, वारला नाहीं. त्याहून पुढें कळतें, कीं वारला असता तर बरें झालें असतें.

दिग्दर्शक कॅरॉल रीड १९४८ च्या शरद्‌ऋतूंत आपली मंडळी घेऊन व्हिएन्नाला आला. चित्रण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चाललें. व्हिएन्नाचा चित्रपट म्हटला कीं वॉल्ट्झ हवेच, अशी रीत होती. रीडला ते नको होते. ढिगाऱ्यांत उभें असलेलें नगर दाखवावयाचें आणि पाठीमागें राजवाड्यांतल्या नृत्याचे सूर लावावयाचे, हें त्याला खोटें वाटत होतें. अशा मनःस्थितींत त्यानें एके संध्याकाळीं कारासचें झिथर ऐकलें. त्या वाद्याचा आवाज त्याच्या मनांत जाऊन बसला. तारेला नखी लागतांच उठणारा तो तीक्ष्ण, किंचित् खरखरीत ध्वनि; त्यांत गोडवा होता, पण साखरेचा पाक नव्हता. बाहेरून हंसतमुख आणि पोटांत भूक, अशा त्या नगराचा तो खरा आवाज होता.

रीडनें कारासला चित्रपटाचें संगीत करण्यास विचारलें. कारासनें आढेवेढे घेतले. आपण वाजविणारा माणूस, रचणारा नव्हे, असें त्याचें म्हणणें. रीडनें तें मानलें नाहीं. त्यानें कारासला लंडनला बोलावून घेतलें आणि आपल्या घरींच त्याची राहण्याची सोय केली. तेथें सुमारें १२ आठवडे तो माणूस कामाला जुंपला गेला. चित्रपटाचा तुकडा पुन्हां पुन्हां पाहावयाचा, त्याच्या गतीशीं झिथर जुळवून पाहावयाचें, न जुळल्यास मोडून पुन्हां बांधावयाचें. दिवसाचे १४ तासहि कधीं त्यांत जात. परकें नगर, परकी भाषा, आणि बायको व मुलगी दूर घरीं. त्याला घरची ओढ अनावर झाली; परत जाऊं द्या, असें तो म्हणूं लागला. संगीत पुरें करा आणि जा, असें रीडनें सांगितलें. जगाला डोलविणाऱ्या त्या संगीताच्या मागें घरीं लौकर जाण्याची ही तळमळ होती.

मुख्य धुनेची हकीकत तर मोठी मौजेची आहे. ती धून कारासच्या बोटांत पूर्वींपासून होती. पण पंधरा वर्षांत त्यानें ती वाजविली नव्हती. कारण विचारतां त्यानें सांगितलें, कीं मद्यगृहांत थांबून ऐकतो कोण? ही धून बोटांची परीक्षा पाहणारी. त्यापेक्षां रात्रभर सहज वाजवितां येतील आणि वाजवितांना एखादा घांसहि खातां येईल, अशीं नेहमींचीं गाणीं बरीं. या साध्या बोलण्यांत केवढा अर्थ आहे पाहा! जी धून पुढें लाखों घरांत गेली, ती पंधरा वर्षें मुकी होती. वाजविणारा तोच, वाद्य तेंच, बोटें तींच. फक्त थांबून ऐकणारा कोणी भेटला नव्हता. रीडचें थोरपण यांत आहे, कीं तो थांबला.

आतां या संगीतानें चित्रपटांत काय साधलें, तें पाहूं. हॅरी लाइम हा चित्रपट निम्म्याहून अधिक सरेपर्यंत दिसतच नाहीं. इतर माणसें त्याच्याविषयीं केवळ बोलतात. पण झिथर त्याचें अस्तित्व सतत जाणवून देत असतें. मग रात्रीच्या अंधारांत एका दाराच्या चौकटींत मांजर कोणाच्या तरी पायाशीं घोटाळतें, समोरच्या खिडकींत दिवा लागतो, आणि नट ऑर्सन वेल्स याचा मिस्किल चेहरा एक क्षण उजळतो. त्या क्षणीं ती धून उसळून येते, आणि प्रेक्षकाला वाटतें कीं आपण या माणसाला पूर्वींपासून ओळखतों. दुष्ट माणूस आला म्हणजे ढोल व तुताऱ्या यांनीं भीति घालावी, असा प्रघात आहे. कारासनें खलपुरुषाला खेळकर धून दिली. पाप जगांत बहुधा हंसतच येतें, हें सत्य त्या तारांनीं सांगितलें. व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानांतल्या उंच चक्राच्या पाळण्यांत बसून हॅरी खालच्या माणसांना ठिपके म्हणून हिणवितो, तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणांत असेल. योगायोग असा, कीं १८९७ सालीं हें चक्र ज्याच्या उद्योगानें उभें राहिलें, तो गाबोर स्टाइनर म्हणजे संगीतकार मॅक्स स्टाइनरचाच बाप.

आणि शेवट. हॅरीला मूठमाती देऊन मंडळी पांगली आहेत. दफनभूमीच्या लांबच लांब रस्त्याच्या कडेला त्याचा मित्र उभा आहे. हॅरीवर प्रेम करणारी ॲना दुरून चालत येते आहे. वरून वाळलेलीं पानें गळताहेत. ती जवळ येते, आतां थांबेल असें वाटतें. ती त्याच्याकडे न पाहतां निघून जाते. या सबंध वेळांत एक शब्द नाहीं. आहे तें झिथर. ग्रीनच्या मनांत शेवट गोड व्हावा असें होतें. रीडनें तें ऐकलें नाहीं. पुढें ग्रीननें मोकळेपणानें लिहिलें, कीं रीडचेंच बरोबर ठरलें. आणि हा वाद चालला असतां रीडला कारास सांपडणार आहे, याची कल्पना दोघांनाहि नव्हती. कादंबरीकारानें आपल्या शेवटाचें श्रेय एका झिथरवाल्याला वांटून द्यावें, हा त्या वाद्याचा केवढा सन्मान!

चित्रपटाला १९४९ सालीं कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें. १९९९ सालीं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें विसाव्या शतकांतल्या उत्तम ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तींत पहिलें नांव त्याचेंच आलें. धुनेची तबकडी १९४९ संपण्यापूर्वींच ५ लाखांवर खपली. अमेरिकेंत १९५० सालीं ती ११ आठवडे खपाच्या यादींत अग्रभागीं राहिली. झिथरांचा खप एकाएकीं वाढला. ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट, नेदरलंडच्या राणी युलियाना, पोप बारावे पायस अशांसमोर कारासचें वादन झालें. १९५० च्या जुलैमध्यें तो जगाचा दौरा करून परतला, तेव्हां ऑस्ट्रियाचे पंतप्रधान लेओपोल्ड फिग्ल आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचें स्वागत केलें. माळ्यावरचें वाद्य राजवाड्यांत गेलें.

स्वतःच्या गांवांत मात्र सारेच खूष होते असें नाहीं. चित्रपट १० मार्च १९५० रोजीं व्हिएन्नांत लागला, तेव्हां आपल्या दैन्याचें हें प्रदर्शन कित्येकांना झोंबलें. एका प्रमुख वृत्तपत्रानें तर चित्रपटभर चालणाऱ्या झिथरचा कंटाळा येतो, अशी तक्रार केली. दाराशीं रोज वाहणाऱ्या नदीचें कौतुक गांवकऱ्यांना नसतें, तसाच हा प्रकार. कारासला त्याचें फार वाटलें असेल तर तें त्यानें बोलून दाखविलें नाहीं. आपण कधीं मोठे कलावंत नव्हतों आणि तसें आपणांस कधीं वाटलेंहि नाहीं. त्या चित्रपटानें आपल्याला गांवोगांव ढकलीत नेलें, आणि आपली इच्छा एकच, घरीं परत यावें, असें तो म्हणत असे.

१९५४ सालीं त्यानें सीव्हरिंग या टेंकडीकडच्या भागांत स्वतःचें हॉयरिगर उघडलें. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मद्यगृहांत वाजविणाऱ्या माणसाला आपलें स्वतःचें लांकडी टेबल मिळालें. आतां सुखाचा शेवट झाला, असें कोणासहि वाटेल. धंदा उत्तम चालला. ऑर्सन वेल्स येऊन गेला. जीना लोलोब्रिजिदा आली. देशोदेशींचे प्रवासी येऊं लागले. पण त्यांतच दुःखाचें बीज होतें. प्रवासी येत ते एक धून ऐकण्यासाठीं. तेवढी ऐकली, छायाचित्र काढलें, कीं काम झालें. शेजारपाजारचीं माणसें, जीं त्याची बोली बोलत, ज्यांना जुन्या गाण्याच्या पहिल्या दोन सुरांतच पुढचें कडवें आठवे, तीं या गर्दींत मागें सरलीं. ज्या आपलेपणांतून तें संगीत जन्मलें, तो आपलेपणा त्या संगीताच्या कीर्तीनेंच घालविला. कारासला हवा होता त्याची भाषा, त्याचें मन आणि त्याचे सूर समजणारा ऐकणारा. जेथें आपल्या गांवचा माणूस बसत नाहीं, तें हॉयरिगर कसलें, असें म्हणून १९६६ सालीं त्यानें चालता धंदा बंद केला.

व्यवहारी माणूस या निर्णयाला वेडेपणा म्हणेल. दुकान ओसंडून वाहत असतां कोणी फळ्या लावतो काय? परंतु कारासनें आरंभापासून जें मोजलें, तें गिऱ्हाईक नव्हतें. पंधरा वर्षें ती अवघड धून त्यानें वाजविली नाहीं, कारण ऐकणारा नव्हता. आणि अखेरीस मद्यगृह मिटलें, तेंहि ऐकणारा नव्हता म्हणूनच. पहिल्या वेळीं गर्दी ऐकत नव्हती, कारण ती आपल्या गप्पांत होती. दुसऱ्या वेळीं ऐकत नव्हती, कारण ती कीर्ति पाहावयास आलेली होती. मधल्या काळांत एक ऐकणारा भेटला, आणि त्या एकाच्या ऐकण्यांतून जें निघालें, त्यावर सारें जग डोललें.

९ जानेवारी १९८५ रोजीं कारास व्हिएन्नांत वारला. ज्या सीव्हरिंगमध्यें त्याचें मद्यगृह होतें, तेथल्याच दफनभूमींत त्याला ठेविलें आहे. स्टाइनर आणि कोर्नगोल्ड हे दोघे व्हिएन्नाचे पुत्र परदेशीं गेले आणि तेथेंच निमाले. त्यांची कीर्ति मोठी, रचना शेंकडों. कारासची कीर्ति एका चित्रपटाची, किंबहुना एका धुनेची. परंतु जें मिळवावयाचें तें मिळवून घरीं यावें आणि घरच्या मातींत विसावावें, हें त्याला साधलें.

श्रोतेहो, आपल्याहि गांवांत, आळींत, देवळाच्या ओसरीवर किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर असें एखादें वाद्य आणि असा एखादा वाजविणारा असतो. रोजच्या ऐकण्यांतला म्हणून आपण त्याच्यापुढून बोलत बोलत निघून जातों. त्याच्या बोटांत एखादी धून पंधरा वर्षें मुकी असेल, आणि ती सुरू होण्यास कोणी तरी क्षणभर थांबण्याचाच अवकाश असेल. व्हिएन्नाच्या झिथरवाल्याची कथा ऐकून झाल्यावर एवढें जरी मनांत राहिलें, तरी त्या तारांचें थरथरणें व्यर्थ गेलें नाहीं, असें म्हणतां येईल.